फ्लॉरेन्सहून आई-बाबांना

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि.

फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, मध्येच आवाज तुटतो आणि आई तू "जेवलीस का" वर येतेस, म्हणून हे टाइप करून पाठवतेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला, म्हणजे बाबांना मोबाईलवर डोळे ताणायला नकोत.

आधी एक गोष्ट. परवा व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली तेव्हा आई तू विचारलंस एका रात्रीचे किती, आणि मी विषय बदलला. ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. तर सांगते, एका रात्रीचे चारशे ऐंशी युरो, म्हणजे आपले जवळजवळ पन्नास हजार, आणि आम्ही तीन रात्री राहिलो. वर इथे शहराचा टॅक्स वेगळा असतो, पंचतारांकित असेल तर माणशी रात्रीला 8 युरो. लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून ह्यांनी वर्षभर बाजूला टाकून बुक केलं होतं, कर्ज काढलेलं नाही, काळजी करू नका. पण पहिल्या रात्री त्या पलंगावर मला खरंच झोप आली नाही, डोक्यात सारखी आपली कन्याकुमारीची ट्रिप येत होती, पाच जणांना एक खोली, आणि बाबा तुम्ही "मला गरम होतंय" म्हणून बाहेर व्हरांड्यात चादर टाकून झोपलात. गरम वगैरे काही होत नव्हतं, आम्हाला पाय पसरता यावेत म्हणून गेलात, हे मला मोठं झाल्यावर कळलं. तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर, सगळीकडे भक्त निवास नाहीतर कुणाचं तरी घर. आई तू वाती आणि स्टोव्ह घेऊन फिरलीस. तुम्ही दोघांनी स्वतःसाठी म्हणून आयुष्यात एकदाही चांगली खोली घेतलेली नाही, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे, शेवटपर्यंत वाचा.

हॉटेल नदीपलीकडे आहे, अर्नो नदी, त्या बाजूला ओल्त्रार्नो म्हणतात, म्हणजेच अर्नोपल्याड. तिकडे अजून सुतारकाम, फ्रेमवाले, चामड्याचं काम करणारे असे लोक गल्लीत दुकान उघडून बसलेले दिसतात, आपल्या कोल्हापूरच्या चप्पल लाइनला दुकानदार बसतात तसे. जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे लावलेत, त्यामुळे स्टेशनवरून टॅक्सीच घ्यायची. दाराला मोठा बोर्ड नाही, नुसती पितळेची छोटी पाटी. बाहेरून पाहिलं तर ओबडधोबड दगडाची उंच भिंत, लोखंडी कड्या (घोडे बांधायच्या) आणि मोठा लाकडी दरवाजा. आणि आत पाऊल टाकलं की बाबा, वाडा! अगदी आपल्या आजोळच्या वाड्यासारखा मधे चौक, चारी बाजूंनी खांब, वर आकाश, कोपऱ्यात विहीर. तुळशी वृंदावनाच्या जागी लिंबाचं झाड मातीच्या मोठ्या कुंडीत. इथे अशा घरांना पलात्सो म्हणतात, श्रीमंत व्यापारी घराण्यांनी बांधलेली, खाली गोदाम आणि घोडे, पहिल्या मजल्यावर मालक राहणार म्हणून तिथलं छत सगळ्यात उंच. हे घर सोळाव्या शतकातलं, चौदाच खोल्या केल्यात, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून सगळे आपल्याला ओळखतात.

आमच्या खोलीचं छत रंगवलेलं होतं. आडवं पडलं की वर निळं आभाळ, ढग, कडेनं द्राक्षांच्या वेली. हे चित्र चुना ओला असतानाच काढतात, रंग चुन्यात मुरतो आणि सुकला की भिंतीचाच होऊन जातो, म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. रिसेप्शनवरच्या काकांनी टॉर्च तिरपा धरून दाखवलं, एका दिवसाचं काम कुठं संपलं आणि दुसऱ्या दिवशीचं कुठं सुरू झालं तो सांधा बारीक दिसतो. मी कितीतरी वेळ तेच बघत पडले होते. कोणीतरी माणूस चारशे-पाचशे वर्षांपूर्वी परांची बांधून तिथं उताणा पडून संध्याकाळपर्यंत एवढाच तुकडा पुरा करत होता. खाली लाल विटेच्या फरशा, पायाला गार नाही लागत. खिडकीला लाकडी झडपा, सकाळी उघडल्या की चर्चच्या घंटा.

नाश्त्याचं सांगते, कारण आईचा पुढचा प्रश्न तोच. ब्रेडमध्ये मीठ नाही! या भागात ब्रेड बिनमिठाचाच करतात, पहिला घास घेतला तर वाटलं विसरलेत. पण सोबत जे असतं ते खारट असतं, चीज, ऑलिव्ह, म्हणून बरोबर लागतो. आणि एक सूप खाल्लं, रिबोल्लिता नावाचं, म्हणजे पुन्हा उकळलेलं: शिळा ब्रेड, पांढरे घेवडे आणि काळपट हिरवी पालेभाजी, आदल्या दिवशी शिजवून दुसऱ्या दिवशी परत उकळायचं, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. आई, तू शिळ्या भाकरीचा कुस्करा करतेस ना ताक घालून, त्याच घराण्यातलं. मटण-मासे काही नाही त्यात, तुला सोमवारीही चालेल. मी तुझी शेंगदाण्याची चटणी बरोबर नेली होती, थोडी घातली वरून, फार छान लागलं.

आता नदीचं. हॉटेलच्या गल्लीत भिंतीवर संगमरवराची पट्टी आहे, माझ्या डोक्याच्याही वर, आणि त्यावर एक रेघ, 4 नोव्हेंबर 1966 ला अर्नोचं पाणी इथपर्यंत आलं होतं. शहरभर अशा पट्ट्या आहेत. चिखल आणि हीटिंगचं तेल मिसळलेलं पाणी, लायब्ररीतली लाखो पुस्तकं, चित्रं, सगळं त्यात. मग देशोदेशीची कॉलेजची पोरं येऊन ती पुस्तकं हातोहात बाहेर काढत होती, त्यांना इथले लोक चिखलातले देवदूत म्हणतात. ती पट्टी बघितली आणि मला 2019 चा ऑगस्ट आठवला, पंचगंगेचं पाणी कुंभार गल्लीतून आपल्या पायरीपर्यंत आलं, तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर, लाईट नाही, आणि मी इकडे म्युनिकहून फोन लावत बसलेय तर लागत नाही. ते दोन दिवस मी कधी बोलले नाही तुमच्याशी. शेजारच्या तालमीतल्या पोरांनी तुम्हाला बोटीतून काढलं. त्या पोरांना माझा नमस्कार सांगा परत एकदा, मी दरवर्षी सांगते तरी सांगा.

आणि आता बाबा, तुमच्यासाठीचा भाग. लहानपणी मला पुढच्या दांडीवर बसवून भवानी मंडपातून नेताना तुम्ही सांगायचात की आपलं राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाचं ते महाराज विलायतेहून परत येताना वाटेत परमुलखात वारले. ते परमुलूख म्हणजे हेच फ्लॉरेन्स. मी इथं यायचा हट्ट धरला तो त्यासाठी, हे ह्यांनाही शेवटी सांगितलं.

झालं असं की रिसेप्शनवरच्या त्याच काकांनी पासपोर्ट बघून विचारलं भारतात कुठल्या, मी म्हटलं कोल्हापूर. त्यांना नाव माहीत नव्हतं. मग म्हटलं तुमच्या त्या कॅशिने बागेत आमच्या राजाचं स्मारक आहे, तर एकदम उभेच राहिले, "लिंदियानो!" म्हणाले, आम्ही पोरं सायकली घेऊन इंदियानोपर्यंत शर्यत लावायचो. इथल्या प्रत्येकाला "इंदियानो", म्हणजे भारतीय, माहीत आहे, तिथल्या मोठ्या पुलाचंही नाव तेच, इंदियानोचा पूल. पण तो कोण, कुठला, वय काय, हे साठीच्या त्या माणसाला माहीत नव्हतं. मी मोबाईलवर नकाशा काढून कोल्हापूर दाखवलं, अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, आणि वय सांगितलं, वीस. त्यांचा चेहरा उतरला. माझा नातू वीसचा आहे म्हणाले.

आधी आम्ही ओन्यिसांती चौकात गेलो, नदीकाठीच आहे. तेव्हा त्याला मानिन चौक म्हणत, तिथं "शांती" नावाचं हॉटेल होतं, त्यातच 30 नोव्हेंबर 1870 ला महाराज गेले. इंग्लंडला राणीला भेटून, पार्लमेंट, कारखाने, शाळा बघून, सगळं डायरीत टिपून परत निघालेले, वाटेत आजारी पडले. त्या चौकात आजही महागडी हॉटेलं आहेत, दारात टोपीवाले उभे, काळ्या काचांच्या गाड्या. मी फुटपाथवर उभी राहून वरच्या खिडक्यांकडे बघत होते. म्हणजे बाबा, हॉटेल कितीही भारी असलं तरी शेवटी तो माणूस घरापासून किती लांब होता. बरोबर आपली माणसं होती, पण आई नाही, आपली नदी नाही. आणि दहन करायचं कुठं? इथं तेव्हा दहनाची चालच नाही, सगळे पुरतात. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, परवानगीसाठी धावपळ झाली, आणि त्यांच्या लोकांनी काय शोधलं बघा, संगम. अर्नोला जिथं मुन्योने नावाची छोटी नदी मिळते ती जागा, शहराच्या पार पश्चिमेला. तिथं चिता रचली.

आम्ही काकांनी करून दिलेल्या टॅक्सीनं गेलो. बाग लांबच लांब आहे, नदीला धरून, शेवटच्या टोकाला झाडी दाट होते आणि एकदम छत्री दिसते. आपली छत्री! खांब, कमानी, घुमट, आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा, रंगवलेला, पागोटं, मोत्याच्या माळा, कोवळा चेहरा. चौथऱ्यावर चार भाषांत लेख. 1874 मध्ये बसवलं. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्री कोणाची माहितीये का, मेजर मँटची, ज्यानं नंतर आपला न्यू पॅलेस आखला तोच. म्हणजे रोज सकाळी तुम्ही जो न्यू पॅलेस डावीकडे टाकून फिरायला जाता, त्याच माणसाच्या हातचं काम इथं दाट झाडीत उभंय. पावसाची बुरबुर होती, एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, बाकी कोणी नाही. मी चप्पल काढून फुलं वाहिली. आई, तू दिलेलं अंबाबाईचं कुंकू पर्समध्ये असतंच, ते चिमूटभर पायरीवर ठेवलं, पुतळ्याला हात लावला नाही. मग संगमापर्यंत खाली उतरले आणि पाण्यात हात बुडवला. रडू आलं मला, का ते नीट सांगता येत नाही. यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांचा मुलगा, त्याला पोटचा मुलगा नाही, मग दत्तक, मग परत दत्तक, आणि त्यातून 1884 ला शाहू महाराज आले गादीवर. बाबा हे तुम्हीच शिकवलेलं, मी ते तिथं उभी राहून मोठ्यानं म्हटलं.

तर आता मुद्दा. मला तुम्हाला दोघांना इथं आणायचंय. याच हॉटेलात. पुढच्या एप्रिलमध्ये, तेव्हा ना थंडी ना ऊन, आणि 13 एप्रिल महाराजांचा जन्मदिवस, त्या दिवशी बाबांना छत्रीपाशी न्यायचं.

आई, तुझा गुडघा डोक्यात ठेवून मी सगळं बघून आले. दारात तीन पायऱ्या आहेत, एका बाजूला धरायला दांडी आहे. लिफ्ट छोटी, दोनच माणसं मावतात, पण चौकाजवळ तळमजल्यावर एक खोली आहे तिथं लिफ्टच लागत नाही. त्या खोलीत टब नाही, सरळ चालत जाता येईल असा शॉवर, आत बसायला दगडी बाक, मी स्वतः बसून बघितलं, घसरत नाही. छत साधं आहे तिथलं, चित्रं नाहीत, पण खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. इथल्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायचं नाही, 463 पायऱ्या आहेत, तो खालूनच बघायचा. तोही कसला आहे बाबा, 1420 ते 1436, आतून लाकडी आधार न देता विटा माशाच्या काट्यासारख्या रचत रचत वर नेलाय, समोर खुर्ची टाकून बसून तुम्हाला समजावून सांगेन. आईला गरम पाणी, डाळ-भात याची काळजी नको, मी छोटा कुकर आणणारच आहे, आणि काकांनी किचनमध्ये विचारून ठेवलंय.

पैशाचं बोलू नका. मी वेगळं खातं उघडून त्यात टाकायला सुरुवात केलीय. बाबा, तुम्ही म्हणाल हे वय नाही, तेवढ्या पैशात नातवाची फी निघेल. फी निघतेय. तुमच्या पासष्टीला तुम्ही हेच म्हणालात, आईच्या साठीला तेच, आणि आता सत्तर झाली. मला तुम्हाला एकदा तरी सकाळी आयता नाश्ता टेबलावर आलेला बघायचाय, आई तू न उठता बसलेली, आणि व्हरांड्यात कोणी झोपायचं नाही.

दोघांचे पासपोर्ट संपलेत, मी जुन्या फोटोवरून बघितलं. नवीन काढायला लागतील, व्हिसासाठी परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत हवी. अपॉइंटमेंट मी इकडून ऑनलाइन घेते, तुम्ही फक्त दोघांचे आधार आणि जुने पासपोर्ट दादाकडे द्या, आईचा लॉकरमध्ये आहे, निळ्या पिशवीत, दागिन्यांच्या खाली. पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो काढून घ्या, आई डोळे उघडे ठेव फोटोत.

शनिवारपर्यंत दादाकडे दिलंत की मला मेसेज करा.

तुमची,
बाळी