मृण्मयीस, नव्या दवाखान्याच्या हिशेबाबद्दल

कराड

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

वाघोलीच्या गाळ्यात तुझा दातांचा दवाखाना थाटण्यासाठी तू मागवलेली कोटेशन्स नीट वाचली. दातांतलं तुझ्या आईला कळतं, मला नाही. पण तिच्या दवाखान्याची जमाखर्चाची वही पहिल्यापासून मी लिहीत आलो, आणि बँकेत असताना डॉक्टरांची बरीच कर्जप्रकरणं माझ्या टेबलावरून गेली. म्हणून पैशाचं तेवढं लिहितो. दवाखान्याने नफा कमवावा, असं म्हणताना संकोचू नकोस. तोट्यातला दवाखाना हळूहळू मटेरियलमध्ये काटकसर करायला लागतो, आणि ती पेशंटला भोगावी लागते.

आधी खुर्चीच्या तासाचा हिशेब मांड. समज, भाडं, हप्ता, असिस्टंटचा पगार, वीज, मटेरियल सगळं धरून महिन्याला १,२०,००० रुपये जातात. २५ दिवस, रोज ६ तास, म्हणजे १५० तास. तासाला ८०० रुपये नुसता खर्च. सुरुवातीला खुर्ची निम्मा वेळ तरी रिकामी राहणार, तेव्हा भरलेल्या तासाला १,६०० पडले. रूट कॅनालच्या दोन सिटिंग मिळून दीड तास गेला, तर २,४०० तिथेच संपले. कॅपचं लॅबचं बिल वेगळं. समोरच्या दवाखान्यापेक्षा पाचशे रुपये कमी लावायचे, असं ठरवण्याआधी हे गणित कागदावर कर.

आता हप्ता. पहिल्याच यादीत सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन काढणारं मशीन आहे, ते काढून टाक. आरव्हीजीवर, म्हणजे दाताच्या साध्या डिजिटल एक्स-रेवर, तुझं रोजचं काम भागेल. ज्याला खरंच स्कॅन हवा त्याला सेंटरला पाठव. मोठ्या हप्त्याची मला भीती वाटते ती बुडण्याची नाही. महिना रिकामा गेला आणि हप्त्याची तारीख जवळ आली, की दाढेच्या खाचेतली साधी काळी रेघसुद्धा कीड दिसायला लागते. चांगल्या माणसांचंही असं होतं. आईची वही चाळताना मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या ज्या दिवशी नुसती तपासणीची फी जमा झाली त्या नोंदी, कारण तीच माणसं पुढे सुना-नातवंडांना घेऊन आली. ‘या दाताला आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी दाखवा,’ हे तुला महिनाअखेरीलाही सहज म्हणता आलं पाहिजे. तेवढंच कर्ज घे. बँक जास्त देईल, नको म्हण.

हात आखडू नकोस तो ऑटोक्लेव्हवर, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर. क्लास बीचाच घे. हँडपीसच्या, म्हणजे दात कोरायच्या हत्याराच्या, पोकळ नळीतली हवा तो आधी ओढून काढतो, म्हणून वाफ आतपर्यंत पोचते. आणि हँडपीस जास्तीचे घे. पुरेसे नसले की गर्दीच्या संध्याकाळी नुसतं पुसून पुढच्या पेशंटला वापरण्याचा मोह होतो. निर्जंतुक हत्यारांचं सीलबंद पाऊच पेशंटसमोर फोड, त्याला बघू दे.

माझ्या वहीत एक रकाना आईच्या आग्रहाने घातलेला आहे: पुन्हा करावी लागलेली कामं. पडलेली कॅप, निघालेलं फिलिंग, दुखत राहिलेली रूट कॅनाल. ते काम फुकट करावं लागतं, खुर्चीचा तास जातो, आणि पेशंट चारचौघांत काय सांगेल ते वेगळंच. म्हणून रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावायला लागणारी मिनिटं वाया गेली असं समजू नकोस. लॅब निवडतानाही दरापेक्षा हे बघ की मार्जिन, म्हणजे दाताला टेकणारी कड, नीट नसलेली कॅप ती वाद न घालता परत घेते का.

फी आधी सांग, मराठीत लिहून दे, आणि कॅपसाठी घेतलेलं दाताचं माप लॅबला जाण्यापूर्वी निम्मे पैसे घे. उधारी थकली की पेशंट पैसेही देत नाही आणि लाजेने येतही नाही, दोन्हीकडून नुकसान. असिस्टंट पोरीला पगार चांगला दे. पैशाची अडचण माणसं डॉक्टरला सांगत नाहीत, तिला सांगतात.

कट देऊ नकोस. कोणी सुचवेल की अमुक डॉक्टर पेशंट पाठवतील, त्यांचं बघावं लागेल. २०१४च्या डेंटल कौन्सिलच्या आचारसंहितेत कमिशन देणं आणि घेणं दोन्हीला मनाई आहे. आणि नियम नसता तरी तो पैसा शेवटी पेशंटच्या बिलातच चढतो. त्याऐवजी आई करते ते कर: अक्कलदाढ काढली की रात्री स्वतः फोन करायचा, रक्त थांबलं का विचारायचं. तिने कधी जाहिरात केली नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: एक्स-रेची एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, सुया पांढऱ्या डब्यात, काढलेले दात पिवळ्या पिशवीत. संमतीपत्रं आणि एक्स-रे जपून ठेव. सुप्रीम कोर्टाच्या १९९५च्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, आणि तिथे लिहिलेलं असेल तेच तुझ्या बाजूने बोलतं.

एका कामाची मात्र मी वहीत कधी रक्कम लिहिली नाही. गुटख्यावर २०१२पासून राज्यात बंदी आहे, तरी वाघोलीतल्या बांधकामांवरची माणसं तुझ्याकडे गुटख्याने आखडलेलं, तीन बोटंही आत न जाणारं तोंड घेऊन येतील. इकडच्या बायका मिश्री लावतात, तिकडेही काही येतील. दात दाखवायला आलेल्या प्रत्येकाची जीभ, गालाची आतली बाजू, जिभेखालचा भाग बघ. पांढरा चट्टा किंवा न दुखणारी जखम दिसली तर त्याची तारीख आणि फोन नंबर लिहून ठेव. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर बायोप्सीला पाठव, आणि तो खरंच गेला का, हे फोन करून विचार. गेला नसेल तर पुन्हा कर.

तुझे,
बाबा