भक्ती बर्वे, फुलराणी आणि तुझी वहिनी

सांगली

चि. चिमू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मी ‘बरं, आधी जेवून घे’ म्हणून फोन ठेवला. रात्री झोप लागेना. फोनवर बोलायचं तर तुझ्या मागे कोणीतरी ‘शॉट रेडी’ म्हणून ओरडत असतं, आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. म्हणून पत्र.

कॉलेजच्या एकांकिका झाल्या, राज्य नाट्य स्पर्धा झाली, तीस-चाळीस माणसांपुढे प्रायोगिक नाटकं केलीस, आणि आता पदरात काय पडलं तर मालिकेतली थोरली वहिनी. दिग्दर्शक म्हणतो, ‘कमी करा, नाटकी होतंय.’ नाटकातली मंडळी म्हणतात, ‘गेलीस का तू पण तिकडे?’ तू विचारलंस, ‘आई, मी नक्की कुठली?’

मला भक्ती बर्वे आठवली. तिला एकेरीच म्हणते. मोठ्या बाईंना असं म्हणू नये, पण आवडत्या नटीला आपण सगळेच अरे-तुरे करतो.

आमच्या गिरगावच्या चाळीत टीव्ही एकाच बिऱ्हाडात होता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ च्या २ ऑक्टोबरला, आणि पुढची काही वर्षं त्या दाराबाहेर रोज संध्याकाळी चपलांचा ढीग असायचा. भक्ती बर्वे बातम्या द्यायची. त्याआधी ती आकाशवाणीवर निवेदिका होती. तुझी पणजी बातम्यांमधलं काही ऐकायची नाही, पण ती आली की म्हणायची, ‘ही वाचत नाही गं, आपल्याला सांगते.’ हात नाही, मान नाही, भुवई नाही. नुसता आवाज, आणि तोही वाढवायचा नाही. तुझा दिग्दर्शक म्हणतो ते ‘कमी’ तेच असावं.

मग मला शिवाजी मंदिरात ‘ती फुलराणी’ दाखवायला नेलं. नाटक आलं १९७५ साली, मी पाहिलं त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. बाल्कनीतली मागची रांग. मूळ शॉचं ‘पिग्मॅलियन’, पण पु. लं.नी ते असं मराठीत आणलं, की ते इंग्रजीत कधी होतं यावर माझा विश्वासच बसेना. भाषेच्या प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी. आणि फुलं विकणारी मंजुळा म्हणून ही. पणजी आधी गप्प झाली, मग माझ्या कानात म्हणाली, ‘अगो, ही तीच का?’ आनी-पानी करणारी, कर्कश, कंबरेवर हात ठेवून भांडणारी. बातम्यांतली बाई कुठे गेली होती देव जाणे.

पण मला सांगायचंय ते पुढचं. मंजुळा शिकते, शुद्ध बोलायला लागते. आता बातम्या देणाऱ्या बाईला शुद्ध बोलायला किती वेळ लागणार? तिने नुसता आपला रोजचा आवाज काढला असता तरी टाळ्या पडल्या असत्या. तिने तसं केलं नाही. मंजुळाचं शुद्ध मराठी नव्या चपलेसारखं होतं. चालते आहे, पण कुठेतरी चावतंय. एकेक ‘ण’ जपून टाकलेला. दूरदर्शनवरचा ‘ण’ आणि हा ‘ण’ वेगळा होता, आणि बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला तो कळला. आवाज तिथवर पोचवण्याची सवय तिला लहानपणापासूनची असणार. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमध्ये, बालनाट्यांत वाढलेली ती. समोर पोरं चुळबुळत असताना कुजबूज शेवटच्या खुर्चीपर्यंत न्यायची म्हणजे काय, ते तू शिबिरात मुलांचं नाटक बसवलंस तेव्हा अनुभवलं आहेसच.

माझी एक फजिती तुला कधी सांगितली नाही. बँकेत लागल्यावर कर्मचाऱ्यांच्या एकपात्री स्पर्धेत मी ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ केलं. तेव्हा गॅदरिंग म्हटलं की कोणीतरी ते करायचंच. मास्तराने झापलंय आणि मंजुळा एकटीच त्याचा सूड कसा घ्यायचा त्याची स्वप्नं रंगवते, ते स्वगत. मी महिनाभर घोकलं. भक्ती कुठे श्वास घेते, कुठे हसते, सगळं तंतोतंत. परीक्षक निकालानंतर म्हणाले, ‘बाई, तुम्ही मंजुळा केलीच नाहीत. तुम्ही भक्ती बर्वे केलीत.’ उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. मी आठवडाभर त्यांना शिव्या घातल्या, मनातल्या मनात, मंजुळाच्याच भाषेत. त्यांचं बरोबर होतं. मी तिचा आवाज ऐकला होता. ती कुणाचा ऐकून आली, ते शोधायला मी कुठे गेले होते?

पुढे तिने काय काय केलं त्याची यादी देत बसत नाही. विजया मेहतांनी बसवलेल्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’मध्ये ती होती. अशोक पाटोळ्यांच्या ‘आई रिटायर होते’मध्ये घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई झाली. (ते पाहून आल्यावर मी तुझ्या बाबांना चार दिवस चहा करायला लावला. पाचव्या दिवशी तो चहा पिववेना.) १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’त ती संपादिका झाली, सत्याच्या गप्पा मारणारी आणि आतून पक्की बनेल. बातम्यांतला तो विश्वासू आवाज तिथे लबाडीला वापरलाय, बघ पुन्हा एकदा. सिनेमाने तिला अशा संधी फार दिल्या नाहीत, असं माझं मत. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९९० मध्ये, तो नाटकासाठी.

आणि ‘बहिणाबाई’. तू म्हणतेस टीव्हीवर अभिनय होत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. दूरदर्शनच्या या टेलिफिल्ममध्ये ती बहिणाबाई चौधरी झाली. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. ओव्या जात्यावर, शेतात सुचायच्या आणि मुलाने, सोपानदेवांनी उतरवून घेतल्या म्हणून उरल्या. म्हणजे जिने टीव्हीवर प्रमाण मराठी बोलून दाखवलं, तिनेच त्याच टीव्हीवर लिहिता-वाचता न येणारी खानदेशी बाई केली. मंजुळाची बोली इथे चालली नसती. दोघीही ‘अशुद्ध’ बोलतात म्हणून एकच गावठी सूर लावला असता तर जळगावच्या लोकांनी टीव्ही बंद केला असता.

१२ फेब्रुवारी २००१ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातात ती गेली. बावन्न वर्षांची होती. आठच महिन्यांपूर्वी पु. ल. गेले होते. शेवटच्या दिवसांतही ती ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करत होती. तू लहान होतीस, मी बातमी ऐकून देवघरात जाऊन बसले तर तू विचारलंस, ‘आपल्या कोण होत्या?’

आता तुझ्या वहिनीकडे येते. वहिनी कोल्हापूरकडची दाखवलीय ना? मी पहिले आठ एपिसोड पाहिले, दोनदा. ‘मी जाते वो’, ‘मी आले बगा’ असं बोलतेस. चिमू, तिकडच्या किती बायका असं बोलतात? तुझी कागलची आत्या काय म्हणते? ‘मी जातो.’ ‘मी आलो.’ ‘मी सैपाक करतो, तवर तू बस.’ बाई असून ‘मी जातो’, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तू लहानपणी आत्याला हसायचीस त्यावरून, आणि मी तुला रागावले होते. लेखकाने लिहिलं नसेल, त्याला शनिवारच्या आत पाच एपिसोड द्यायचे असतील. तुमच्याकडे आधीच करून ठेवलेल्या एपिसोडची ‘बँक’ असते म्हणतात, आमच्या बँकेत तरी दुपारी जेवायची सुट्टी होती. पण तू विचारू शकतेस. चॅनेलवाले ‘प्रेक्षकांना चूक वाटेल’ म्हणून नाही म्हणतील, तर निदान घरच्यांशी बोलतानाच्या दोन वाक्यांत मागून बघ. ते एक ‘जातो’ बोललीस की खांदे आपोआप खाली येतील. मग दिग्दर्शकाला ‘कमी करा’ म्हणावं लागेल का, बघू.

पटलं नाही तर सोड मालिका. नुसते दागिने घालून दारात उभं राहायचं असेल तर मीच सांगेन सोड म्हणून. पण ‘टीव्ही’ म्हणून सोडू नकोस.

भडंग पाठवलंय, मेकअप रूममध्ये सगळ्यांना दे. आत्याला परवा फोन करून म्हटलं, तुझा आवाज रेकॉर्ड करायचाय, चिमूला हवाय. ती म्हणाली, ‘मी काय बोलू गं? मला काय येतंय?’ आणि मग चाळीस मिनिटं शेजारणीच्या म्हशीबद्दल बोलली. सगळं मोबाइलवर घेतलंय. एवढं मोठं व्हॉट्सॲपवर पाठवायला मला जमत नाही, शेजारचा मुलगा उद्या तुकडे करून पाठवणार आहे. म्हैस हरवते तिथपासून ऐक.

तुझी,
आई