‘बोर्ड गेलाय’ म्हणण्याआधी बायोस उघडून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ उमटतं, पोरगं घाबरतं, बाप दुकान गाठतो आणि काउंटरवरचा मुलगा झाकणही न उघडता निकाल देतो, ‘मदरबोर्ड गेलाय काका.’ कोल्हापुरात हे वाक्य हल्ली फार स्वस्त झालंय, बोर्ड मात्र महागच आहेत. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा शिल्प निदेशक होतो. निवृत्त झाल्यापासून मंगळवार पेठेतली पोरं बंद पडलेली यंत्रं माझ्याकडे आणून ठेवतात, म्हणून लिहितोय.

बोर्ड पूर्ण मेला असता, तर पडद्यावर ते वाक्य आलंच नसतं. ते लिहिणारा बायोस बोर्डावरच्याच चिपमध्ये बसलेला असतो. विंडोज सुरू होण्याआधी तो रॅम, कीबोर्ड, डिस्क असं एकेक हुडकतो. डिस्क सापडली नाही, किंवा सापडली पण तिच्यावर विंडोज मिळालं नाही, की तक्रार करतो. बोर्डावरचा एखादा भाग बिघडलेला असू शकतो, नाही असं नाही. पण तो संशय शेवटी घ्यायचा.

शेजारची डिप्लोमाची मुलगी असाच ‘बोर्ड गेलेला’ लॅपटॉप घेऊन आली. चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये गेलो (काही कंपन्यांत एफ१० किंवा डिलीट दाबावं लागतं), तर डिस्कच्या जागी काहीच नाव नव्हतं. चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं, बॅटरीची वायर सोडवली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्कच, खाचेतून सुटून तिरकी उभी! तिला दाबून धरणारा एकुलता एक स्क्रू जागेवर नव्हता. मागे रॅम वाढवून घेतली होती, तेव्हा कुणीतरी तो परत बसवलाच नसावा. भंगारातल्या लॅपटॉपचा स्क्रू लावला आणि विंडोज उघडलं. तिच्या वडिलांनी नव्या बोर्डासाठी पैशांची जुळवाजुळव चालवली होती.

बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बूटचा क्रम, म्हणजे लॅपटॉप आधी कशावरून चालू व्हायला बघतो, तो पाहावा, पेनड्राइव्ह लागून राहिला असेल तर काढावा. लॅपटॉपची तारीख सारखी मागे जात असेल, तर आतला बटण सेल बहुधा संपलेला असतो आणि त्याच्यासोबत कधीकधी बायोसचं सेटिंगही विसरलं जातं. काही यंत्रांत कंपनीनं डिस्क ‘रेड’वर ठेवलेली असते, ती ‘एएचसीआय’वर जाते (डिस्क चालवायच्या या दोन पद्धती), मग विंडोज निळा पडदा दाखवून ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणतं. डिस्क धडधाकट असते. सेटिंग परत फिरवलं की बऱ्याचदा काम होतं. अकराव्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेलवाल्या कित्येक यंत्रांत नवं विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही, कारण ‘व्हीएमडी’ हे डिस्क हाताळणारं इंटेलचं सेटिंग चालू असतं आणि डिस्क ओळखायला लागणारा त्याचा ड्रायव्हर (छोटा प्रोग्रॅम) कुणी दिलेला नसतो. यावरूनही ‘डिस्क गेली’ असं सांगतात. उबंटूच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून फायली दिसतात का, एवढं तरी बघावं की!

पडद्यावर काहीच न येता नुसती टूं टूं झाली, तर रॅम काढून तिच्या पिना खोडरबरानं हलक्या हातानं पुसून परत लावावी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत हा उपाय अनेकदा लागू पडतो.

एक धोका मात्र ध्यानात ठेवावा. बायोसमधलं सेटिंग बदललं की काही लॅपटॉप बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी किल्ली (रिकव्हरी की) मागतात. ती हाताशी नसेल तर फायलींना मुकलात. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं खातं वापरत असाल, तर ती बहुधा त्या खात्यात सापडते. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती कागदावर उतरवून ठेवावी.

दुरुस्तीवाल्यांवर माझा सरसकट राग नाही. लक्ष्मीपुरी-राजारामपुरीत हाताला गुण असलेली पोरं मी पाहिली आहेत. मागणी एवढीच, की गिऱ्हाइकासमोर बायोस उघडून डिस्क दिसते की नाही ते दाखवा, दोष पावतीवर लिहून द्या, काढलेला भाग परत द्या आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका. पालकांनीही हे चारही मुद्दे लॅपटॉप हातातून सोडण्याआधी कबूल करून घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर