जुलैत येतेयस ना, मग हे वाच

मनू,

तुझ्या गॅबॉनच्या ट्रिपची एक्सेल शीट बघितली. म्हणजे रात्री जेवताना मोबाईलवर ते बारीक रकाने मोठे करून करून वाचले. लोआंगो, लोपे, इविंदो, लांबारेने, मायुंबा सगळं दोन आठवड्यात आणि सगळ्यात शेवटी "बाबांसोबत लिब्रव्हिल, १ दिवस". बरं. त्या एका दिवसाचं नंतर बोलू.

आधी सीझनचं. तू लिहिलंयस की सेंट्रल आफ्रिकेत डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडं असतं मग जुलै चालेल का. अगं ते चाड, कॅमेरूनचा वरचा भाग, तिकडचं झालं. गॅबॉन विषुववृत्तावरच आहे आणि इथला मोठा कोरडा सीझन जून ते सप्टेंबर, तुमच्याकडे पुण्यात छत्र्या निघाल्या की इथे पाऊस बंद. डिसेंबर-जानेवारीत मधे थोडी उघडीप मिळते पण तिच्या भरवशावर तिकीट काढू नये. इथे राजधानीत, लिब्रव्हिलला, वर्षाला ३००० मिमीच्या जवळपास पाऊस पडतो, जवळजवळ कोकणाएवढा, आणि जुलैत थेंब दिसला तर नशीब. फक्त कोरडं म्हणजे कडक ऊन असेल असं डोक्यात घेऊन येऊ नकोस. या दिवसात इथलं समुद्राचं पाणी गार पडतं आणि ढगांचा एक थर वर बसून राहतो, दिवसेंदिवस आभाळ राखाडी, हवा गार, माझ्या हाताखालची पोरं सकाळी जॅकेट घालून येतात. तुला पुण्याच्या मानाने काही वाटणार नाही पण एक फुल बाह्यांचं घेच, आणि फोटोंना उजेड मिळत नाही ही तक्रार नंतर माझ्याकडे करायची नाही.

आता फोटोवरनं आठवलं. तू तो हत्ती बीचवर उभा असलेला फोटो पाठवलास ना, "मला हेच बघायचंय" म्हणून, तो लोआंगो पार्कचाच आहे पण तसं दिसतं ते जास्त करून पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा हत्ती आणि म्हशी किनाऱ्याच्या गवतात उतरतात. जुलैत हत्ती आतल्या बाजूला, अकाकाकडच्या पाणथळीत असतात, तिथे होडीने जावं लागतं. नाराज होऊ नकोस कारण जुलै ते सप्टेंबर समुद्रात हंपबॅक देवमासे असतात, पार अंटार्क्टिकाकडून पिल्लं घालायला वर येतात, आणि तेच तुला पावसाळ्यात एकही दिसणार नाही. शिवाय तू पक्षीवाली, तर त्याच किनाऱ्याच्या रेताड गवतात रोझी बी-ईटर जमिनीत बिळं करून वसाहत करतात, आपल्या वेड्या राघूच्या खानदानातला पण पोट गुलाबी. हे तुझ्या शीटमध्ये नव्हतं, मी टाकलंय, पिवळा रंग देऊन.

लोआंगोला गोरिलाही आहेत, माणसांची सवय झालेला कळप आहे, मास्क लावून लांबूनच बघायचे, आणि सर्दी खोकला असेल तर नेत नाहीत कारण आपलं साधं पडसं त्यांना मारू शकतं. त्यामुळे प्रवासात विमानाच्या एसीत बसून शिंकत येऊ नकोस, सिरियसली सांगतोय, पैसे गेले तर परत मिळत नाहीत.

लोपे ठेव. १३ नॅशनल पार्कं आहेत देशात, २००२ साली एकदम जाहीर केली होती, त्यातल्या लोपेला ट्रेनने जाता येतं. लिब्रव्हिलशेजारच्या ओवेन्डो बंदराहून फ्रांसव्हिलपर्यंत ही एकच लाईन, त्यावरनंच मोआंडाचं मॅंगनीज बंदराला येतं आणि मालगाडी आली की पॅसेंजर बाजूला उभी. वेळापत्रक फार मनावर घ्यायचं नाही, रात्री-अपरात्री उतरायची तयारी ठेवायची आणि लॉजवाल्याला आधीच सांगून ठेवायचं की घ्यायला ये. जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं गवत मुद्दाम जाळतात, धुराचा वास येईल, घाबरू नकोस, नवीन कोवळं गवत फुटलं की म्हशी बाहेर येतात. आणि मँड्रिल, ती रंगीत तोंडाची माकडं, याच दिवसात शेकड्यांनी एकत्र फिरतात. दिसतीलच असं कोणी सांगितलं तर तो एजंट बदल.

इविंदो आणि मायुंबा उडव. नकाशावर जवळ दिसतं सगळं, पण देशाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग जंगल आहे आणि रस्ता म्हणजे बऱ्याच ठिकाणी लाल माती. पोर्ट जाँतीला पण आपण विमानानेच पाठवू तुला, तिथून पुढे ओंबुए, तिथून लोआंगो. रात्रीचा रोड प्रवास अजिबात नाही, हे मी बाप म्हणून नाही तर लाकडाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय, ओंडके भरलेले ट्रक रात्री कसे चालवतात ते मी रोज बघतो, मागचा लाईट असेलच असं नाही.

आणि आता माझ्या सुट्टीचं. आई म्हणते बाबांना सांग दोन आठवडे रजा टाकायला. ते होणार नाही मनू. पावसाळ्यात पाऊस झाला की जंगलातले मातीचे रस्ते फाटक लावून ट्रकना बंद करतात, त्यामुळे माल येतो तो मुख्यतः या कोरड्या महिन्यांत. २०१० पासून कच्चा ओंडका देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, सगळं इथेच सोलायचं, कापायचं, म्हणून तर न्कोकच्या औद्योगिक वसाहतीत एवढे कारखाने आणि एवढे आपले लोक आले. तू येशील तेव्हा यार्डात ओकुमे झाडाचे ओंडके डोक्याच्या वर गेलेले असतील आणि पीलिंगच्या, म्हणजे ओंडके सोलायच्या, दोन्ही शिफ्ट चालू. म्हणजे तुझा जो बेस्ट सीझन तोच माझा. डिसेंबरात आलीस तर मी मोकळा पण तू चिखलात, मग काय उपयोग. जुलैतच ये. रविवार माझा तुझ्यासाठी, त्या रविवारी पहाटे निघून लांबारेनेला जाऊ, ओगोवे नदीच्या काठचं ते डॉक्टर अल्बर्ट श्वाइत्झरने १९१३ ला सुरू केलेलं हॉस्पिटल बघू, वाटेत विषुववृत्ताची पाटी लागते तिथे तुझा फोटो काढतो, नदीवर भाजलेला मासा खाऊ आणि अंधाराच्या आत परत. नदीचं पाणी तेव्हा उतरलेलं असतं, मधे वाळूचे पट्टे वर येतात. एक दिवस तू फॅक्टरीत ये, व्हेनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, कागदासारखं कसं सुटतं ते तू कधी बघितलेलंच नाहीस.

शहरात शेअर टॅक्सीला हात केलास की खिडकीतून जागा आणि किती देणार ते सांगायचं, पटलं तर तो हॉर्न मारतो, नाही पटलं तर न बोलता निघून जातो, यात अपमान वाटून घ्यायचा नसतो. फ्रेंच जरा घासून ये, इंग्लिश फार ठिकाणी चालत नाही. कॅश युरोच आण, इथला फ्रँक युरोला बांधलेला आहे, १ युरोला ६५६ च्या आसपास, रुपया कोणी हातात धरत नाही. पोलिस, एअरपोर्ट, सरकारी बिल्डिंगा यांचे फोटो नाही. लाईट जाते, पॉवर बँक आण.

आईला काळजी २०२३ ची आहे, ऑगस्टमध्ये सैन्याने सत्ता घेतली तेव्हा नेट बंद होतं आणि माझा फोन लागत नव्हता, ती रात्र तिने अजून सोडलेली नाही. तिला सांग की त्यानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये निवडणूक झाली, मी रोज कामावर जातो, भाजी आणतो, सगळं चालू आहे. मी सांगितलं तर तिला खोटं वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं, यलो फीव्हरची लस. तिकिटाच्या आधी हे. सरकारमान्य सेंटरवरच मिळते, ठराविक वारीच देतात आणि नंबर लवकर भरतात, आणि टोचल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं. ते पिवळं पुस्तक नसेल तर इथे एअरपोर्टवर अडवतात, आणि परत जाताना मुंबईला उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात, म्हणजे तुझी ऑफिसची रजा कामातनं गेली. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून चालू कर, कोरड्यात डास कमी असले तरी घे. ते बारीक फुरू, म्हणजे चिलटं, चावतात त्यांच्यासाठी पूर्ण पायाच्या पँटी.

सामानात मेतकूट आणि थोडा गोडा मसाला, लाडू-बिडू नको, आईला थांबव. लसीची तारीख मिळाली की लगेच मेसेज टाक, लोपेवाला ॲडव्हान्स मागतोय आणि तारखेशिवाय मी त्याला पैसे पाठवणार नाही.

बाबा