ताई, तुम्ही ह्यांच्यावर रागावला नाहीत

प्रिय ताई,

माझ्या नवऱ्याची सिगरेट सोडवायला मदत केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण कॅन्सर झाल्यावरही सिगरेट सुटत नाही अशा माणसाच्या वाट्याला आपल्या लोकांत फक्त बोलणी येतात.

ह्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचं कळल्यावर इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये भेटेल तो म्हणायचा, "आता सोडून काय उपयोग?" उपयोग आहे, हे तुम्ही ह्यांना शांतपणे पटवलंत. निदानानंतर सिगरेट सुटली तरी जास्त जगण्याची शक्यता वाढते, रेडिएशन नीट लागू पडायला मदत होते. निकोटिनचं व्यसन लागतं, पण कॅन्सर होतो तो मुख्यतः जळत्या तंबाखूच्या धुरातल्या विषांमुळे.

सिगरेटची तलफ कमी करणारा निकोटिनचा पॅच अंगावर लावूनही हे मागच्या दाराशी जाऊन ओढायचेच. मग तुम्ही आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोललात आणि व्हेप, म्हणजे निकोटिनच्या लिक्विडची वाफ ओढायची ई-सिगरेट, सुचवलंत. माझ्या पोटात गोळाच आला. पण तुम्ही काही लपवलं नाहीत. धुरापेक्षा धोका बराच कमी, तरी दूरचे परिणाम अजून पुरते कळलेले नाहीत. न ओढणाऱ्याने हातही लावू नये. आणि सिगरेटही चालू ठेवली तर फारसा फायदा नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या ८८६ जणांच्या अभ्यासात वर्षभराने ई-सिगरेटवाल्यांपैकी १८ टक्के सिगरेटमुक्त होते, निकोटिनचे पॅच, च्युइंगगम वगैरे वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. ती कॅन्सरची माणसं नव्हती, हेही सांगितलंत. वर म्हणालात, "बहुतेकांना पहिल्या झटक्यात जमत नाही, तेव्हा पुन्हा ओढलीत तरी माझ्याकडे या."

पहिल्या दिवशी ह्यांनी सिगरेटसारखा जोरात झुरका मारला आणि खोकून लालबुंद झाले. तुम्ही शेजारी बसून हळू, लांब ओढायला शिकवलंत. पुढे फुंकायच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातल्या विषारी वायूचा, आकडा उतरला, तेव्हा हे लहान मुलासारखे विचारत होते, "परत फुंकू का?" आजारपणात पहिल्यांदाच काहीतरी त्यांच्या हातात होतं.

पुतण्याच्या लग्नाला सांगलीला निघालो तेव्हाही आठवणीने फोन केलात: भारतात ई-सिगरेटवर २०१९पासून बंदी आहे, व्हेप इथेच ठेवा, पॅच आणि गम न्या. लग्नघरात, सिगरेट ओढणाऱ्या भावांच्या गराड्यात, त्यावरच निभावलं.

आता लिक्विडमधलं निकोटिन तुम्ही सांगितलंत तसं, घाई न करता, कमी करतोय. स्कॅनचा रिपोर्ट आला की कळवते.

तुमची,
एका पेशंटची बायको