ब्रेक ऑइल बदलल्याचे पैसे घेतलेत, ऑइल बदललंच नाही

दिनांक : 6 मे 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : अधिकृत सर्व्हिस सेंटरने न केलेल्या कामाचे बिल लावल्याबद्दल व त्यामुळे घाटात ब्रेक निकामी झाल्याबद्दल

महोदय,

जानेवारी 2021 मध्ये मी तुमच्या कंपनीची पेट्रोल हॅचबॅक घेतली. तेव्हापासून एकही सर्व्हिसिंग बाहेर केलेलं नाही. 12 मार्च 2025 रोजी कराडच्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली, तेव्हा मीटरवर 38,460 किलोमीटर होते. बिलात 'ब्रेक फ्लुइड रिप्लेसमेंट' अशी ओळ आहे. ऑइलचे 420 रुपये आणि मजुरीचे 650. ते मी त्याच दिवशी भरले.

रविवार, 27 एप्रिल. आत्याच्या घरी साखरपुडा होता म्हणून कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी वडील म्हणजे अण्णा, मागे आई आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा. पाटण, कोयनानगर, घाटमाथा ओलांडून कुंभार्ली घाट उतरायला लागलो. माझी चूक आधीच सांगते, म्हणजे ती तुम्हाला शोधावी लागणार नाही. वरची वळणं मी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरले. आमचे अण्णा 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. त्यांचा डोळा लागला होता, नाहीतर पहिल्याच वळणाला बोलले असते.

पुढे एक ट्रक बंद पडलेला, त्यामुळे उतारावर पाच-सात मिनिटं रांगेत थांबलो. रांग हलली, मी सेकंडमध्ये गाडी सोडली आणि वळणाआधी ब्रेक दाबला. पेडल पाव दाबावा तसं मऊ लागलं. दुसऱ्यांदा दाबलं तर पाय थेट मॅटला टेकला. पुढे मालाचा टेम्पो.

मी ओरडले तसे अण्णा जागे झाले आणि एका दमात म्हणाले, "इंजिन बंद करू नको. पंप मार. पहिला टाक." पेडल भराभर पंप केलं तसं थोडंसं धरल्यासारखं झालं. सेकंडवरून फर्स्टला टाकताना इंजिन किंचाळलं, पण वेग पडला. हँडब्रेक अण्णांनी हातात घेतला होता. बटण अंगठ्याने दाबून धरून थोडा ओढायचा, थोडा सोडायचा, असं चाललं होतं. मी असते तर घाबरून सगळा वर ओढला असता, मागची चाकं लॉक झाली असती आणि गाडी फिरली असती. नशिबाने डोंगर आमच्या बाजूला होता. डावी चाकं गटारात उतरवली, दरडीला घासत गाडी थांबली. मडगार्ड चेपला, रिम खरचटली. माणसं शाबूत. मुलाने नंतर दोन दिवस गाडीत बसायला नकार दिला, पण त्याचं बिल तुम्हाला लावता येत नाही.

घाबरून चावी फिरवली असती तर पॉवर स्टिअरिंगची आणि ब्रेक बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) मदतही गेली असती. तुमच्या पुस्तिकेत हे कुठल्यातरी पानावर बारीक अक्षरात असेल. घाटात ते वाचायला वेळ नसतो.

आता मुख्य तक्रार. चाळीस मिनिटांनी गाडी गार झाली आणि पेडल पुन्हा घट्ट लागायला लागलं, जणू काही झालंच नव्हतं. तरीही चालवली नाही. क्रेन बोलावून टोचन करून तुमच्याच सर्व्हिस सेंटरला नेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गार गाडी सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवली आणि जॉब कार्डवर 'ब्रेक ओके' लिहून परत दिली. वर सुपरवायझर मला म्हणाले, "मॅडम, घाटात सारखा ब्रेक दाबला की असं होणारच." गरम झाल्यावर जाणारा ब्रेक गार असताना तपासायचा आणि ओके म्हणायचं, ही तपासणी कुठल्या पुस्तकात आहे ते कृपया कळवावं.

मी गाडी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी चारही चाकं काढली, मी मोबाइलवर व्हिडिओ केला. ब्रेकमधलं जुनं ऑइल आणि हवा ज्या निपलमधून काढतात त्यावरच्या रबरी टोप्या वाळलेल्या लाल चिखलाने लिंपलेल्या होत्या. तो चिखल गेल्या पावसाळ्यातला, आणि सर्व्हिसिंग मार्चमधलं. टोप्या काढल्यावर निपलच्या बुडाशी गंज सलग दिसला. एकदा जरी पान्हा लागला असता तर तो तडकला असता. वरच्या टाकीत ऑइल मॅक्सच्या खुणेपर्यंत होतं, पण रंग कोऱ्या चहाचा. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. ओलावा तपासायचं पेन बुडवल्यावर लाल दिवा लागला.

काकांनी समजावलं ते असं. हे ऑइल हवेतलं पाणी हळूहळू ओढून घेतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांवर येते. गाडी थांबली की वारा लागत नाही, तापलेल्या डिस्कची उष्णता कॅलिपरमधून (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातून) ऑइलपर्यंत पोचते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय ऑइल ढकलण्याऐवजी ती वाफ दाबत बसतो. गार झालं की वाफ विरते, पेडल परत येतं. हँडब्रेक केबलवर चालतो म्हणून तेवढा शाबूत राहिला. माझ्या पायाने ब्रेक तापला, हे मान्य. पण मार्चमध्ये खरंच ताजं ऑइल भरलं असतं, तर त्याने तो ताप सोसायला हवा होता. त्याचेच पैसे मी दिले होते.

तुमच्या पुस्तिकेप्रमाणे हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. म्हणून जुनी फाइल काढली. जानेवारी 2023 च्या बिलातही तीच ओळ आहे. तेव्हाचं मला सिद्ध करता येणार नाही, पण तो सलग गंज पाहून मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता.

माझं म्हणणं असं : 12 मार्चच्या कामाचं जॉब कार्ड, काम करणाऱ्या तंत्रज्ञाची नोंद आणि त्या दिवशी स्टोअरमधून ऑइल निघाल्याची पावती मला लेखी मिळावी. कंपनीच्या तज्ज्ञाने माझ्यासमोर गाडी तपासावी. ऑइल, पॅड, सील विनामूल्य बदलावेत, मडगार्ड, रिम, क्रेन यांचा खर्च आणि न केलेल्या कामाचे 1,070 रुपये परत द्यावेत. आणि मार्चमध्ये त्या सेंटरने ज्या-ज्या गाड्यांच्या बिलात ही ओळ लावली, त्या सगळ्यांना फोन करून निपल तपासावेत. त्यातल्या कितीतरी जणांना मे महिन्यात कोकणात उतरायचं असेल. माझ्या भरपाईला उशीर झाला तर चालेल, या फोनला नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

काढलेलं जुनं ऑइल काचेच्या बाटलीत भरून, झाकणावर चिकटपट्टी लावून, त्यावर तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवलं आहे. तुमचा माणूस येईल तेव्हा त्याला बाटली दाखवीन. देणार मात्र नाही.

आपली,
(सही)
कराड

सोबत : दोन्ही बिलं, 28 एप्रिलचं जॉब कार्ड, क्रेनची पावती, निपलचे फोटो व व्हिडिओ