टॅब दिला, सेटिंग कोण लावणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फळ्याच्या जागी मोठी टच स्क्रीन बसते, टॅबचे वाटप होते, फोटो निघतात. दिव्यांग विद्यार्थ्याच्या हाताला तो टॅब चालतो का, हे त्यानंतर कुणी बघत नाही. विशेष शिक्षिका म्हणून मला हे खटकते.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर पुरेसा ताबा नसणे) असलेल्या मुलाचेच घ्या. बोट हव्या त्या उत्तरावर पोचेपर्यंत त्याचा तळहात किंवा मनगट स्क्रीनला टेकलेले असते आणि यंत्राला तोही स्पर्शच वाटतो. चुकीचा पर्याय निवडला जातो, स्क्रीनवर लाल फुली उमटते आणि ‘याला येत नाही’ असा शेरा पडतो. येत असते हो त्याला! आयपॅडमध्ये 2015 पासून ‘टच अ‍ॅकोमोडेशन्स’ नावाची सोय आहे. बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा आणि लागोपाठ पडलेले स्पर्श सोडून द्यायचे का, हे तिथे ठरवता येते. अँड्रॉइडमध्येही अशा सोयी आहेत. अक्षरांच्या जागी भोके असलेली प्लॅस्टिकची पट्टी स्क्रीनवर बसवली, तर हात तिच्यावर टेकवून नेमके अक्षर दाबता येते. बोटे अजिबात वळत नसतील तर डोक्याने किंवा गुडघ्याने दाबायचा स्विच जोडता येतो. स्क्रीनवर एक चौकट एकेका पर्यायावरून सरकते आणि मूल हव्या त्या ठिकाणी स्विच दाबते. यातले बरेचसे टॅबमध्ये आधीपासून असते. पण शाळेच्या टॅबची सेटिंग्ज बहुधा कुलूपबंद असतात, पासवर्ड भलत्याकडेच असतो आणि एकच टॅब चार मुलांत फिरत असल्याने आज लावलेले उद्या पुसले जाते.

अंध मुलांची अडचण वेगळी. अँड्रॉइडमधला टॉकबॅक आणि आयफोनमधला व्हॉइसओव्हर या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयी 2009 पासून आहेत. बोट फिरवले की खालचे नाव वाचून दाखवले जाते, दोनदा टॅप केले की ते उघडते. मात्र अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणांना नावेच दिली नसतील, तर मुलाला फक्त ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येते. ‘चित्र ओढून जोडी लावा’ हा प्रकार तर शैक्षणिक अ‍ॅपचा फारच लाडका. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या, वेबवरचा मजकूर दिव्यांगांना वापरता यावा म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, जे ओढून करायचे ते शक्यतो न ओढताही करता आले पाहिजे. अ‍ॅप विकत घेताना किती शाळा हे विचारतात?

भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनबद्दल एवढेच, की व्हीलचेअरवरच्या मुलाचा हात तिच्या वरच्या भागापर्यंत जात नाही.

सर्वांत जास्त राग येतो तो परीक्षेच्या वेळी. वर्षभर ज्या सेटिंगवर मूल शिकले, तेच ऑनलाइन परीक्षेत बंद असते, कारण कॉपी होऊ नये म्हणून परीक्षेचे सॉफ्टवेअर इतर सगळ्या सोयी अडवते. चित्रांवर बोट ठेवून टॅबकरवी बोलणाऱ्या मुलांचा टॅबही ‘आत्ता परीक्षा आहे’ म्हणून काढून घेतलेला मी पाहिला आहे. तोंडी परीक्षा होती ती!

खरेदीच्या कागदावर स्क्रीनचे इंच आणि मेमरी लिहिलेली असते. त्याखाली आणखी दोन ओळी याव्यात: ज्या मुलासाठी टॅब घ्यायचा त्याने तो आधी हाताळून पाहिलेला असावा, आणि त्याची सेटिंग्ज बदलण्याचा अधिकार वर्गशिक्षकाकडे असावा, परीक्षेच्या दिवशीही.

आपली,
एक विशेष शिक्षिका